यात त्याचा काय फायदा?

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात
(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वय ४६. विमा कंपनीत दाव्यांच्या छाननीचं काम, १८ वर्षं. ज्या दाव्यांत काही खटकतं तेवढेच त्यांच्याकडे येतात. खोटी बिलं, मागच्या तारखेचे दाखले, जिवंत माणसाच्या मृत्यूचा दावा, सगळं पाहून झालंय. "कुणी गोड बोलायला लागलं की मी आधी कागद तपासते," असं त्या लिहितात. काही वर्षांपूर्वी जवळच्या मैत्रिणीने आईच्या आजारपणाचं कारण सांगून पैसे नेले. आजारपण नव्हतंच, पैसेही परत आले नाहीत. तेव्हापासून ऑफिसातली सवय घरात शिरली. कुणी मदत केली, कौतुक केलं की मनात पहिला प्रश्न येतो: यात त्याचा काय फायदा?

यंदा नवऱ्याचं ऑपरेशन झालं. त्याचा एक सहकारी रोज संध्याकाळी येऊन बसायचा. या म्हणाल्या, "बढतीची यादी लागायची आहे ना, म्हणून." नवरा काही बोलला नाही, पण तेव्हापासून ऑफिसातलं काही सांगेनासा झाला. पत्रात पुढे एक वाक्य आहे: "बढती कधीच झाली, तरी तो अजून येतो. त्याचं गणित मला अजून कळलेलं नाही." नवऱ्याचं म्हणणं, लोकांमधलं चांगलं बघायला शीक.

त्यांचे प्रश्न: "मी पाहिलं ते खोटं होतं का? उघड्या डोळ्यांनी जगणारीने आता डोळे मिटून घ्यायचे का? आणि चांगलं बघायचं म्हणजे नेमकं करायचं काय?"

ताजा कलम: "परवा एका वृद्ध बाईंचा दावा एका दाखल्यावाचून अडकला होता. नियमाने परत पाठवायला हवा होता. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना फोन करून तो दाखला कुठे मिळेल ते सांगितलं. ऑफिसात कुणाला बोलले नाही. हसतील."

उत्तर

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. तुम्ही पाहिलंत ते खोटं नव्हतं. बिलं खोटी होती ती खोटीच होती आणि मैत्रिणीने फसवलं ते फसवलंच. 'जाऊ दे, मनावर घेऊ नकोस' म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. पण जे पाहिलं त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला कच्चा वाटतो. तुमचा पेशाच छाननीचा आहे, तर त्याच रीतीने जरा तपासून पाहू.

तुमच्याकडे फाईल येते तीच मुळात काहीतरी खटकलं म्हणून येते, असं तुम्हीच लिहिलंय. सरळ दावे खालच्या टेबलांवर मंजूर होतात, पैसे जातात, विषय संपतो. त्या माणसांचं नावही तुमच्या कानावर येत नाही. १८ वर्षं तुमच्यापुढे आली ती चाळणीत वर राहिलेली माणसं. त्यांच्यावरून सगळ्या जगाचा अंदाज बांधणं म्हणजे रुग्णालयात काम करणाऱ्याने 'जगात निरोगी कुणी नसतंच' म्हणण्यासारखं आहे. हे काही तुमच्या एकटीचं दुखणं नाही. पोलीस, वसुली अधिकारी, घटस्फोटाचे खटले लढवणारे वकील, तक्रार विभागात दिवसभर फोन घेणारी मुलं, या सगळ्यांच्या वाट्याला माणसाची एकच बाजू येते आणि पगारही ती बाजू ओळखण्याचाच मिळतो. दिवसभर बातम्या लावून बसणाऱ्यांचंही तेच. उसने घेतलेले पैसे वेळेवर परत केले, याची बातमी होत नाही.

पण एवढ्याने तुमचं समाधान होणार नाही, कारण मैत्रीण काही फाईलमधून आली नव्हती. म्हणून आता त्या वाक्याकडे येते.

"त्याचं गणित मला अजून कळलेलं नाही." हे लिहून तुम्ही लगेच पुढच्या विषयाकडे वळलात. मी मात्र तिथेच अडकले. बघा ना काय झालंय. तुम्ही एक आक्षेप घेतलात: हा माणूस बढतीसाठी येतो. आक्षेप नेमका होता, पडताळून बघता येण्याजोगा होता, आणि तो आपोआप पडताळलाही गेला. यादी लागली, बढती झाली, येणं थांबलं नाही. ऑफिसात एखाद्या दाव्यावरचा आक्षेप असा पुराव्याने खोटा पडला तर तुम्ही काय करता? 'आक्षेप निकाली' असा शेरा मारता आणि फाईल पुढे पाठवता. इथे मात्र फाईल तुमच्याकडेच पडून आहे. आक्षेप गेला, संशयित काही सुटला नाही. उलट आता त्याच्या मनात आणखी खोल काहीतरी असणार, असा वहीम. कुठल्याच पुराव्याने ज्याची सुटका होत नाही, त्याची चौकशी कसली करायची? तिथे निकाल आधीच लागलेला असतो. अशा पद्धतीने तुमच्या एखाद्या कनिष्ठ सहकाऱ्याने दावा हाताळला असता तर तुम्ही त्याला चांगलंच झापलं असतं, अशी माझी खात्री आहे.

आणि हा आक्षेप पडताळला तरी गेला, कारण तो माणूस चिवट निघाला. बाकीच्यांचं काय? समजा कुणी म्हणालं, "उशीर झालाय, मी सोडतो तुम्हाला घरी." तुम्हाला वाटलं, याला काहीतरी हवं असणार. तुम्ही नको म्हणालात. तो माणूस खरंच कसा होता, हे आता कधीच कळणार नाही. पण तुमच्या मनातल्या वहीत नोंद झाली: आणखी एक मतलबी, वेळीच ओळखला. विश्वास टाकला आणि तो चुकला तर चटका बसतो, चूक लगेच कळते. अविश्वास चुकला तर काहीच होत नाही. चटका नाही, नुकसान दिसत नाही. म्हणून संशयी माणसाला आपला अंदाज नेहमी बरोबरच येतो असं वाटत राहतं.

डेटलेफ फेचेनहाउअर आणि डेव्हिड डनिंग या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवलं. लोकांना अनोळखी माणसं दाखवायची आणि विचारायचं: याच्या हाती पैसे दिले तर हा तुमचा वाटा परत करेल का? बहुतेकांनी माणसांचा प्रामाणिकपणा प्रत्यक्षापेक्षा कमी धरला. पुढची गंमत अशी, की काहींना प्रत्येक माणसाबद्दल खरं काय झालं ते सांगितलं गेलं. काहींना फक्त ज्यांच्यावर त्यांनी विश्वास टाकला होता त्यांच्याबद्दल. पहिल्या गटाचे अंदाज सुधारले. दुसऱ्या गटातल्यांचा संशय तसाच राहिला, कारण ज्यांना त्यांनी नाकारलं होतं त्यांच्यातले प्रामाणिक किती, हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. रोजच्या जगण्यात आपण सगळेच या दुसऱ्या गटात असतो.

अंदाज किती चुकतात याचा आणखी एक दाखला आहे, तो तुमच्या कामाशी जवळचा आहे म्हणून देते. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा प्रयोग छापून आला. ४० देशांतल्या ३५५ शहरांत, बँका, हॉटेलं, टपाल कार्यालयं अशा ठिकाणी 'हे रस्त्यात सापडलं' म्हणून १७,००० हून अधिक पाकिटं काउंटरवरच्या माणसाच्या हवाली केली गेली. काहींत पैसे होते, काहींत नव्हते. मालकाचं नाव आणि ईमेल पत्ता आत होता. लोकांना विचारलं तर त्यांचा अंदाज असा, की पैसे जितके जास्त तितकी पाकिटं कमी परत येतील. अर्थशास्त्रज्ञांनाही विचारलं होतं, त्यांनाही नीट ओळखता आलं नाही. झालं उलटं. बिनपैशांची सुमारे ४० टक्के पाकिटं परत करण्याचा प्रयत्न झाला, पैसेवाली सुमारे ५१ टक्के. तीन देशांत रक्कम मुद्दाम बरीच वाढवून पाहिली, तर तिथे प्रमाण आणखी वाढलं. आता तुम्ही म्हणाल, म्हणजे उरलेल्या निम्म्यांनी ठेवूनच घेतलं की! बरोबर. म्हणून तर मी तुम्हाला 'सगळे चांगले असतात' असं सांगत नाहीये. सांगायचं एवढंच, की माणसं कुठे घसरतात आणि कुठे घसरत नाहीत, याबद्दलचे आपले ठोकताळे फारसे विश्वासार्ह नाहीत.

तुमचा दुसरा प्रश्न, उघड्या डोळ्यांचा. त्यात एक गृहीतक दडलंय: संशय घेणारा शहाणा आणि विश्वास ठेवणारा भाबडा. सगळ्यांनाच असं वाटतं. चर्चेत नाकं मुरडणारा माणूस आपल्याला हुशार वाटतो आणि कौतुक करणारा जरा मऊ. ओल्गा स्ताव्रोवा आणि डानिएल एलेब्राख्त या संशोधकांनी ३० देशांतल्या सुमारे २ लाख लोकांची माहिती तपासली, तेव्हा माणसांबद्दल सरसकट वाईट मत असणारे बौद्धिक चाचण्यांत सरासरीने मागेच दिसले. जिथे भ्रष्टाचार खरोखर बोकाळलाय, अशा समाजांत हा फरक कमी होता. यातून मला जाणवतं ते असं, की हुशार माणूस परिस्थिती पाहून सावध होतो आणि परिस्थिती पाहून सैलही होतो. सगळीकडे एकच उत्तर लावणाऱ्याला डोळे उघडे ठेवायची गरजच उरत नाही. नवऱ्याच्या खोलीत बसलेल्या त्या माणसाकडे तुम्ही नीट पाहिलंत का? तो काय बोलायचा, किती वेळ बसायचा, नवऱ्याला त्याच्या येण्याने बरं वाटायचं का, यातलं तुमच्या पत्रात काहीही नाही. फक्त बढती आहे.

आता फायद्याबद्दल. समजा, त्याच्या मनात बढती होतीच. थोडी. मग काय? माणूस एकाच वेळी दोन-तीन कारणांनी वागतो. काळजी असते, घरी जायचा कंटाळा असतो, साहेबाच्या नजरेत भरलं तर बरं असंही वाटतं. त्यातलं एक कारण जरा कमअस्सल निघालं म्हणून बाकीची खोटी ठरत नाहीत, आणि तुमच्या नवऱ्याच्या संध्याकाळी तर कुठल्याही कारणाने सारख्याच बऱ्या गेल्या. शुद्ध हेतूची अट घातली तर कुणीच पास होणार नाही.

तुम्हीसुद्धा नाही. त्या वृद्ध बाईंना केलेला फोन घ्या. तुमच्याच नजरेने कुणी बघायचं ठरवलं तर म्हणेल: पुन्हा तीच फाईल आली असती, त्यापेक्षा एकदाचं मिटवलं. किंवा, स्वतःला चांगलं वाटावं म्हणून केलं. यात थोडं तथ्य असेलही. पण एवढंच होतं का, हे तुम्हाला आतून माहीत आहे. ते बाहेरून कुणाला दिसलं नाही, कारण तुम्ही लपवलंत. हसतील म्हणून. मग तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाने असे किती फोन लपवले असतील? संशयाचं वातावरण असलेल्या कचेऱ्यांत हे सर्रास चालतं. लोक कुरबुर मोठ्याने करतात आणि चांगुलपणा चोरून.

आता तिसरा प्रश्न: करायचं काय? रोज झोपण्यापूर्वी तीन चांगल्या गोष्टी लिहा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाच असेल. काहींना तो लागू पडतो. तुमच्यासारख्या बाईला तो चौथ्या दिवशी खोटा वाटू लागेल आणि त्याचाही तुम्ही पुरावा म्हणून वापर कराल. जबरदस्तीने गोड बघण्यापेक्षा काटेकोर बघा, तुम्हाला ते जमतं.

एक वही करा. कुणाबद्दल संशय आला की तारीख टाकून भाकीत लिहायचं, आणि ते पडताळता येईल असं लिहायचं. 'तो मतलबी आहे' असं नको. 'महिन्याभरात तो माझ्याकडे अमुक काम घेऊन येईल' असं हवं. महिन्याने वही उघडून समोर निकाल लिहायचा. काही भाकितं खरी निघतील, ती प्रामाणिकपणे खरी म्हणून लिहा. खोटी पडतील तिथे मात्र 'आक्षेप निकाली' लिहून तो विषय संपवायचा, नवा आक्षेप काढायचा नाही. पहिली नोंद कुणाची करायची ते सांगायला नको.

दुसरं, नाकारलेल्यांचीही थोडी माहिती मिळवायची, म्हणजे छोटे विश्वास टाकून पाहायचे. बुडालं तरी झोप उडणार नाही एवढेच. घरी सोडतो म्हणणाऱ्या ओळखीच्या सहकाऱ्याला हो म्हणा. एखादं काम कनिष्ठाकडे द्या आणि मध्येच डोकावू नका. कुणी पुस्तक मागितलं तर द्या. अनोळखी माणसाला मोठी रक्कम द्या किंवा कागद न वाचता सही करा, असं मी म्हणत नाहीये. कागद तपासणं ही कामाची रीत आहे, त्यात कुणाचा अपमान नसतो. गडबड होते ती कागद तपासता तपासता माणसाबद्दल मत बनवून टाकण्यात. 'दाखला अपुरा' एवढा शेरा पुरतो. 'लबाड दिसतोय' हा शेरा फाईलवर तुम्ही लिहीत नाही, तर मनातही लिहू नका.

तिसरं, कुणी तुमच्याशी वाईट वागलं तर स्वभावाकडे जाण्याआधी परिस्थिती विचारा. अमेरिकेत प्रिन्स्टनला जॉन डार्ली आणि डॅनिएल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका इमारतीतून दुसरीकडे जाताना वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. ज्यांना 'अजून थोडा वेळ आहे' असं सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. 'आधीच उशीर झालाय, पळा' सांगितलेल्यांतले फक्त १० टक्के. अडलेल्याला मदत करण्याच्या गोष्टीवरच भाषण द्यायला काही जण निघाले होते, त्यानेही फारसा फरक पडला नाही. चांगली मुलं होती, घाईत होती. तुमच्याशी तुटक बोलणाऱ्यांतही असे घाईतले पुष्कळ निघतील.

आणि जीभ. संशय मनात येणं तुमच्या हातात नाही, पण तो बोलून दाखवणं आहे. तुम्ही तो शेरा मारलात तेव्हा सहकाऱ्याचं काही बिघडलं नाही, त्याला कळलंही नाही. नवऱ्याला मात्र आजारपणात कुणीतरी आपल्यासाठी येतंय याचा आधार होता, तो त्या वाक्याने हलला. 'लोकांमधलं चांगलं बघ' म्हणताना तो कदाचित एवढंच सांगू पाहतोय. त्याला स्पष्ट म्हणा, "मी त्या दिवशी जे बोलले ते चुकीचं होतं. बढती झाली, तो अजून येतो. मी वाईट अंदाज केला." एवढंच. तुमच्या कामाचा ताण, मैत्रिणीची कहाणी, काही जोडू नका. तो लगेच मोकळा होईल असं नाही. पुढे तो ऑफिसातलं काही सांगायला लागला, तर पहिला महिनाभर कुणाच्याही हेतूवर भाष्य करू नका, नुसतं ऐका.

मैत्रिणीत चांगलं शोधण्याची सक्ती स्वतःवर करू नका. तुम्हाला तिच्याकडून पैसे हवे असतील तर लेखी मागा, मुदत घाला. सोडून द्यायचे असतील तर सोडा, पण ते ठरवून सोडा. लोंबकळत ठेवलेलं हे प्रकरण पुढच्या प्रत्येक माणसाच्या खात्यावर चढतंय. तुम्हाला पैशांपेक्षा तिच्या खोटं बोलण्याचा त्रास झालाय, असं पत्रावरून वाटतं. एक जवळची मैत्रीण गेली, त्याचं दुःख झालंय, आणि तुम्ही त्यावर रडण्याऐवजी सगळ्या जगावर नजर ठेवायला सुरुवात केलीत. रडून घ्या. त्यासोबत झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल आणि हे बरेच आठवडे चाललं असेल, तर समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटा. ते वहीने सुटणारं नाही.

शेवटचं कामाबद्दल, आणि हे तुमच्यासारख्या पेशातल्या बाकी वाचकांसाठीही आहे. शक्य असेल तर काही महिने टेबल बदलून मागा. जिथे रोजचे सरळ दावे मंजूर होतात, तिथे. वरिष्ठांना आतलं कारण सांगायची गरज नाही, दुसऱ्या बाजूचा अनुभव हवाय म्हटलं तरी पुरे. बदली मिळत नसेल तर त्या टेबलावरच्या कुणालातरी विचारा, आठवड्यात किती फाईली येतात आणि त्यातल्या किती तुमच्याकडे वर पाठवाव्या लागतात. आकडा त्याच वहीत लिहून ठेवा.